गयासभाऊंचा आपोआप चोक

कौशल्याबाईंनी लोणच्याची शेवटची बरणी ट्रकमध्ये चढवली, तिच्याभोवती जुनं लुगडं नीट खोचलं आणि हात झटकत म्हटलं, "हं, करा आता चालू."

गयासभाऊंनी किल्ली फिरवली. ट्रक आधी खोकला, मग शिंकला आणि शेवटी एवढा काळा धूर सोडून सुरू झाला, की अंगणातल्या कोंबड्या एका दमात कुडाच्या भिंतीवर जाऊन बसल्या. मागे पापडाच्या डब्यांमध्ये जागा करून बसलेल्या बायांनी पदर नाकाला लावले.

"अजी, हा एवढा काया धूर कायचा?" रजियाबींनी खिडकीतून डोकं आत घालून नवऱ्याला विचारलं. "त्यापरीस यष्टीनं जाऊ ना. आत्ता येईन यष्टी."

"एवढं सामान यष्टीत घेते कोन?" गयासभाऊ म्हणाले. "थंडीचे दिवस हायेत. इंजिन थंडं हाये. गरम झालं का आपोआप साफ होते. आपल्या गाडीले आपोआप चोक हाये. दुसऱ्या गाड्याईले हातानं ओढा लागते."

शेजारच्या सीटवर नत्थुजी पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी मान डोलावली. "आपोआप हाये, भाभी," त्यांनी साक्ष दिली. "आपन काईच कराचं नसते."

बोरखेडीच्या बायांचा हा बचत गट कापसाच्या कृपेने निघाला होता. कापसाने लागोपाठ दोन हंगाम दगा दिला, तेव्हा गावातले पुरुष पारावर बसून सरकार, बियाणं आणि पाऊस या तिघांतला खरा दोषी कोण, हे ठरवू लागले. ते ठरेपर्यंत चुली थांबणार नव्हत्या. म्हणून कौशल्याबाईंनी आणि रजियाबींनी घरोघर फिरून बाया गोळा केल्या, उन्हाळाभर उडदाचे पापड लाटले, ज्वारीच्या बिबड्या वाळवल्या, शेवया केल्या, लोणची घातली, जवसाची चटणी कुटली. आता जानेवारीत अमरावतीला बचत गटांचं मोठं प्रदर्शन होतं आणि बोरखेडीच्या गटाला त्यात पहिल्यांदाच एक स्टॉल मिळाला होता. अट एवढीच, की दुपारी बाराच्या आत येऊन स्टॉल मांडायचा. नाहीतर तो वाट पाहणाऱ्या दुसऱ्या गटाला जाणार. कौशल्याबाई रात्रभर झोपल्या नव्हत्या. अमरावतीला त्या याआधी फक्त दवाखान्यासाठी गेल्या होत्या.

ट्रक गयासभाऊंच्या वडिलांचा. लष्कराच्या भंगारातून त्यांनी तो हौसेनं आणला होता. अमेरिकन बनावटीचा, पेट्रोल पिणारा. आजूबाजूच्या सगळ्या ट्रकवाल्यांनी आपापल्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवून घेतली, तेव्हाही गयासभाऊ हटले नाहीत. "बापाच्या छातीतलं कायीज काढून दुसऱ्याचं बसवू काय?" असं ते विचारत. पेट्रोल एवढं लागे, की ट्रक वर्षातून चार वेळाच निघे. पण निघे तेव्हा गयासभाऊ स्टिअरिंगवर असे बसत, की जणू घोड्यावरच बसले आहेत. नत्थुजी त्यांचे शेजारी आणि कौशल्याबाईंचे यजमान. पूर्वी त्यांचा कापूस या ट्रकमधून जिनिंगला जायचा. आता कापूस बैलगाडीत मावे एवढाच व्हायचा, पण शेजारची सीट त्यांनी सोडली नव्हती.

आता हा आपोआप चोक म्हणजे काय, ते सांगायला हवं. थंड इंजिनला सुरुवातीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. त्यासाठी हवा आत जाते त्या तोंडावर एक लहानशी झडप असते. इंजिन थंड असलं की ती मिटते आणि गरम झालं की उघडते. हे काम एक गुंडाळी केलेली पट्टी करते. ती बसवलेली असते एका गोल काळ्या झाकणाच्या आत आणि ते झाकण तीन पेचांनी आवळलेलं असतं. पेच ढिले झाले तर गाडीच्या हादऱ्यांनी झाकण फिरतं. झाकण नको त्या बाजूला फिरलं, की झडप मिटते ती मिटतेच. मग इंजिन गरम होवो की लाल होवो, त्याला हवा मिळत नाही, नुसतं पेट्रोल मिळतं.

आदल्या संध्याकाळी गयासभाऊंनी मोठ्या उत्साहाने हे झाकण उघडून पुसलं होतं. पेच बोटांनी बसवले आणि पेचकस हातात घेणार, तेवढ्यात रजियाबींनी शेवयांचे डबे बांधायला हाक मारली.

*

गाव सुटलं, तूर लागली, तुरीमागून हरभरा लागला. इंजिन गरम झालं, पण धूर काही साफ होईना. उलट ट्रक जरा हळू झाला की फटफट करायचा आणि बंद पडू पाहायचा. गयासभाऊंनी अ‍ॅक्सिलेटरवर पाय दाबून धरला.

"पाय काढू नको, गयास," नत्थुजी म्हणाले. "पाय काढला का गेलीच."

"मले माईत हाये."

"मी आपलं सांगून ठेवलं."

फाट्यावर पार्बताबाई उभ्या होत्या. त्या माहेरपणाला फाट्याजवळ भावाकडे आलेल्या, म्हणून तिथूनच चढणार होत्या. अमरावतीला जायचं म्हणून त्यांनी ठेवणीतलं मोतिया रंगाचं लुगडं नेसलं होतं. गयासभाऊंनी ट्रक त्यांच्या पुढ्यात उभा केला, पण पाय काढला नाही. ट्रक जागच्या जागी गरजू लागला आणि मागच्या नळीतून निघालेल्या ढगात पार्बताबाई दिसेनाशा झाल्या.

"पार्बता! कुठी गेली व?" मागून कौशल्याबाई ओरडल्या.

"इथंच हाओ!" ढगातून आवाज आला. "आधी त्याले बंद कराले सांगा!"

"बंद नाई होत, बाई!" गयासभाऊ पुढून ओरडले. "लवकर चढा!"

पार्बताबाई चढल्या तेव्हा लुगड्याचा रंग मोतिया राहिला नव्हता. त्यांनी तोंड पुसलं आणि पुसलेला हात बघून त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. पार्बताबाईंनी न बोलणं ही गटात प्रथमच घडणारी गोष्ट होती, त्यामुळे बाकीच्याही धास्तावून गप्प झाल्या.

पुढे शकुंतलेचं फाटक आलं. शकुंतला म्हणजे अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी. तिच्या वाटेवरच्या अशा फाटकांना फाटकवाला नसे. गाडीच थांबायची, तिच्यातला एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकायची, मग तो फाटक उघडून पळत जाऊन पुन्हा डब्यात चढायचा. त्या वेळी फाटक उघडं होतं. रस्ता दोन्हीकडून रुळांवर चढत होता. बाजूला खोल नाल्या आणि बाभळी.

चढावर गिअर बदलणं भाग होतं. गिअर बदलायला गयासभाऊंनी पाय काढला. तेवढ्यानं काम झालं. ट्रक फट्‌ म्हणाला आणि मागचं डावं चाक रूळ आणि त्याच्या शेजारच्या निखळलेल्या दगडाच्या मध्ये जाऊन बसलं.

सगळं एकदम शांत झालं. बाभळीवरच्या होल्यांचं घुमणं ऐकू यायला लागलं.

"बंद झाली," नत्थुजींनी सांगितलं.

गयासभाऊंनी स्टार्टर मारून पाहिला. आतून पेट्रोलचा भपका आला, पण इंजिन काही पेटेना. बाया उतरल्या आणि त्यांनी ढकलून पाहिलं. ट्रक वीतभर पुढे गेला, वीतभर मागे आला आणि चाक खाचेत आणखी नीट बसलं. इंजिनच्या जोराशिवाय ते निघणार नव्हतं.

तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली.

"या अल्ला!" रजियाबी म्हणाल्या. "गाडी येऊन राहिली!"

कौशल्याबाईंनी पदर सोडला आणि तो हलवत त्या रुळांवरून पळत सुटल्या. त्याची तशी गरज नव्हती. शकुंतला इतकी सावकाश येत होती, की ड्रायव्हरने त्यांना पाहिलं, विचार केला, कोण बाई असेल यावर शेजारच्याशी बोलून घेतलं आणि मग आरामात गाडी थांबवली. तरीही ती ट्रकपासून बरीच लांब थांबली.

*

गयासभाऊंनी बॉनेट उघडलं. गोल काळं झाकण सैल दातासारखं हलत होतं.

"हे पाहा!" ते म्हणाले. "झाकनच ढिलं हाये. कसं काय झालं ढिलं?"

"आपोआप झालं असन," नत्थुजी म्हणाले.

रजियाबी मागेच उभ्या होत्या. "काल मी शेवयाच्या डब्यासाठी हाक मारली, तवा तुमी हेच करून राहिले होते ना?"

गयासभाऊंना ते ऐकू आलं नाही. ट्रकच्या बाबतीत त्यांना बायकोचं बोलणं सहसा ऐकू येत नसे.

शकुंतलेचा ड्रायव्हर इंजिनातून उतरून आला. "भाऊ, किती वेळ लागन?"

"दहा मिनिटं. इंजिन जरा थंडं होऊ द्या, झाकन खुनेवर बसवतो, तीन पेच आवळतो, झालं."

"आमी गाडीनं ओढून देऊ काय?"

नत्थुजींना ही कल्पना फार आवडली. "ओढू ना, गयास! साखळी बांधू!"

"अन् गाडी कोनीकडं जाते?" गयासभाऊंनी विचारलं.

"मुर्तिजापूरले."

"मंग ट्रकही मुर्तिजापूरले जाईन! आपल्याले अमरावतीले जाचं हाये!"

ड्रायव्हर मान हलवत बाभळीखाली जाऊन बसला. गाडीतले लोक एकेक करून उतरू लागले. शकुंतलेतून प्रवास करणाऱ्यांना घाई कधीच नसते. घाई असलेला माणूस शकुंतलेत बसतच नाही. थोड्याच वेळात रस्त्याच्या एका बाजूला दर्यापूरची यष्टी येऊन उभी राहिली, मग दुसऱ्या बाजूला एक. त्यांच्या मागे दोन ट्रॅक्टर, एक गवताची बैलगाडी आणि बऱ्याच फटफट्या. यष्टीचा ड्रायव्हर सूर्यभान बाह्या वर करत बॉनेटशी आला.

"पानी आलं असन पेट्रोलात," बघायच्या आधीच तो म्हणाला.

"पानी नाई. चोक हाये," गयासभाऊ म्हणाले.

"मंग चोक काढून फेका. आमच्या यष्टीले कुठी हाये चोक?"

"तुमची यष्टी डिझेलची हाये, भाऊ."

"म्हनून तं चालते."

हे गयासभाऊंच्या वर्मी लागलं. त्यांनी पेचकस काढला आणि एकेक पेच सोडवत सूर्यभानला आपल्या ट्रकची सगळी कुळकथा सांगायला सुरुवात केली. एक पेच नत्थुजींच्या तळहातावर ठेवला. दुसराही ठेवला. दोन्ही हातांनी झाकण धरून त्यांनी आतली गुंडाळी सूर्यभानला दाखवली, तिच्यावरची काजळी पुसली, फुंकर घातली, पुन्हा पुसली. इंजिन थंड व्हायला वेळ लागणार होताच, त्यामुळे बोलायलाही वेळ होता. शेवटी झाकण जागेवर आलं, त्यावरची खूण खालच्या खुणेशी जुळली.

"हं. पेच देऊन राहा एकेक," ते म्हणाले.

नत्थुजींनी एक दिला. दुसरा दिला. मग हात रिकामा झाला.

"तिसरा?"

"तिसरा कोनता?"

"तीन पेच होते, नत्थुजी."

"मले तू दोनच देले."

"मी तीन देले!"

"माया हातात दोन होते. मी काय पेच खाल्ला?"

दोन पेचांवर भागेल, असं सूर्यभान म्हणाला. पण गयासभाऊ आता जिद्दीला पेटले होते. दोन पेचांवर झाकण पुन्हा सरकलं तर पुन्हा हीच फजिती, तीही थेट अमरावतीच्या चौकात. "तिसरा सापडल्याबिगर मी गाडी चालू करत नाई," त्यांनी जाहीर केलं. ते बोलले जरा जडच, पण त्यांच्या गालात दिवसभर सुपारीचं खांड असे, म्हणून त्यांचं बोलणं जडच असायचं.

मग शोध सुरू झाला. ट्रकखाली गिट्टी होती, आणि गिट्टीत पेच शोधायचा म्हणजे उकिरड्यात मोती शोधण्यापैकी काम. नत्थुजी पोटावर झोपून ट्रकखाली शिरले. सूर्यभानने आपल्या कंडक्टरला शोधायला बसवलं. शकुंतलेतले बुढे उन्हात उकिडवे बसून एकेक दगड उचलून पाहू लागले. त्यांना एक पितळी बटण सापडलं, कंगव्याचा तुकडा सापडला, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू सापडलं आणि एका गृहस्थांना तर दुसराच एक पेच सापडला, पण तो बोटाएवढा होता.

"हा चालन काय?" त्यांनी आशेने विचारलं.

"हा रुळाचा दिसते," गयासभाऊ म्हणाले. "जिथून काढला तिथं लावून द्या, बाप्पा."

*

इकडे सूर्य वर चढत होता तसा कौशल्याबाईंचा चेहरा उतरत होता. अकरा वाजून गेले होते. अमरावती अजून तासभर तरी लांब. त्या रुळाशेजारी लोणच्याच्या बरणीवर हात ठेवून बसल्या होत्या. पुरुषांच्या घोळक्याकडे त्यांनी पाहणंसुद्धा सोडून दिलं होतं.

"गेला स्टॉल," त्या म्हणाल्या.

रजियाबी त्यांच्या शेजारी टेकल्या. त्यांनी डब्यातून एक बिबडी काढून मोडली आणि अर्धी कौशल्याबाईंना दिली. दोघी खात राहिल्या. बिबडीचा कुरकुर आवाज काही लपला नाही. शकुंतलेतून उतरलेली एक बाई कडेवर लेकरू घेऊन जवळ आली.

"कायचं हाये वो हे? लेकरू सकायपासून भुकेलं हाये."

कौशल्याबाईंनी एक बिबडी लेकराच्या हातात दिली. लेकराचं रडं थांबलं. बाईने एक तुकडा स्वतः खाऊन पाहिला.

"घरची हाये काय? विकता काय तुमी?"

"नाई बाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "हे अमरावतीच्या प्रदर्शनाचं हाये."

"विकतो," रजियाबी म्हणाल्या.

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"भाभी," रजियाबी हळू आवाजात म्हणाल्या, "पलीकडं पाहा. तिकडं एक यष्टी, इकडं एक यष्टी, अन् मधात पुरी आगगाडी. सगळे उपाशी. यापरीस मोठं प्रदर्शन अमरावतीत काय असन?"

कौशल्याबाईंनी पाहिलं. खरंच, फाटकाच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती आणि जवळपास चहाचीही टपरी नव्हती. त्या उठल्या. पदर पुन्हा खोचला. एकदा कौशल्याबाईंनी पदर खोचला की पुढचं सगळं भराभर होत असे. सतरंजी रुळांच्या बांधावर अंथरली गेली, बरण्या ओळीने मांडल्या गेल्या. पार्बताबाईंनी तीन दगड मांडून बाभळीच्या काटक्या पेटवल्या आणि पापड भाजायला घेतले. धुराने काळवंडलेल्या लुगड्याची त्यांना आता फिकीर नव्हती. उलट चुलीपाशी बसायला ते सोयीचंच होतं. त्यांचं बोलणंही परत आलं. "या, या! उडदाचा पापड! गाडी सुटाले वेळ हाये, खाऊन घ्या!"

गाडी सुटाले वेळ आहे, हे तर सगळ्यांना दिसतच होतं. माणसं आली. आधी पापड खाऊन बघू म्हणणारी, मग डझनभर बांधून द्या म्हणणारी. कोणी भाकरी सोबत आणली होती, त्यांना लोणचं हवं होतं. कोणाला भाकरीच हवी होती, म्हणून पलीकडच्या शेतातल्या झोपडीतून पीठ आणि परात आली. रजियाबींच्या शेवया दोन नवऱ्या मुलींच्या आयांनी रुखवतासाठी अख्ख्या उचलल्या. एक गुरुजी जवसाच्या चटणीची एक पुडी घेऊन डब्यात गेले आणि परत येऊन चार घेऊन गेले.

बॉनेटपाशी मात्र पेचाचा शोध चालूच होता. पण शोधणारे कमी होत चालले होते. दगड उलटे करता करता एकेक माणूस वास आला तिकडे सरकत होता. शेवटी गयासभाऊंनी मान वर केली, तेव्हा ट्रकपाशी ते, ट्रकखालचे नत्थुजी आणि सूर्यभान एवढेच उरले होते, आणि सूर्यभानच्याही हातात पापड होता.

"तुमी दोघं खाऊन घ्या थोडं," रजियाबींनी भाकरीवर लोणच्याची फोड ठेवून आणली. "उपाशी पोटी कुठी सापडते पेच?"

गयासभाऊंनी मोठा घास घेतला आणि चावला. कट्‌ असा आवाज आला. त्यांनी गाल धरला.

"आयो! लोणच्यात खडा हाये!"

सतरंजीभोवती एकदम सगळे थांबले. लोणच्याची बरणी घ्यायला पुढे झालेले चार हात मागे गेले. कौशल्याबाई उठल्या आणि भाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माया लोणच्यात खडा?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता, पण नत्थुजी ट्रकखालून बाहेर यायचे थांबले. त्यांना बायकोचा हा आवाज ओळखीचा होता. "चार पाण्यानं कैऱ्या धुतल्या मी. मीठ चाळून घेतलं. काढा तो खडा. मले दाखवा, या सगळ्याईले दाखवा."

गयासभाऊंनी तोंडात बोट घालून खडा बाहेर काढला आणि तळहातावर ठेवला. सगळे वाकून पाहू लागले. तो पितळेचा होता. त्याला डोकं होतं, डोक्यावर चीर होती आणि अंगभर आटे होते.

"हा तं पेच हाये," सूर्यभान म्हणाला.

झाकण सांभाळायला दोन्ही हात लागले, तेव्हा गयासभाऊंनी तिसरा पेच तोंडात धरला होता. तो सुपारीच्या शेजारी जाऊन बसला आणि भाऊ ट्रकची कुळकथा सांगण्यात रमून गेले. आता ते एवढंच म्हणाले, "तरीच म्हनलं, आज सुपारी लवकर इरघळत कशी नाई."

लोक एवढे हसले, की शकुंतलेतल्या झोपलेल्यांनीही खिडक्यांतून डोकी बाहेर काढली. कौशल्याबाईंनी पेच हातात घेऊन सगळ्यांना दाखवला, मग पदराला पुसून परत दिला. "लोणचं साफ हाये," त्या म्हणाल्या. त्यानंतर राहिलेल्या बरण्या उरल्याच नाहीत.

*

तिसरा पेच बसला. गयासभाऊंनी तिन्ही पेच असे आवळले, की त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग ते स्टिअरिंगवर बसले, मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि किल्ली फिरवली. ट्रक खोकला नाही, शिंकला नाही. एका दमात सुरू झाला आणि लयीत घुमू लागला. मागून निघाला तो धूर म्हणायलासुद्धा धूर नव्हता. गिअर पडला, चाक खाचेतून बाहेर आलं आणि ट्रक रूळ ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. गयासभाऊंनी पाय काढून पाहिला. ट्रक बंद पडला नाही.

ते खाली उतरले आणि टाळ्यांची वाट पाहू लागले. कोणी वाजवल्या नाहीत.

"झालं पन एवढ्यात?" शकुंतलेच्या ड्रायव्हरने विचारलं. त्याच्या पुढ्यात अर्धी भाकरी होती. त्याने नाइलाजाने उठून शिट्टी दिली, तरी दोघं-तिघं चुलीपाशी रेंगाळलेच, कारण त्यांचे पापड अजून विस्तवावर होते. मग शकुंतला गेली, यष्ट्या गेल्या, फटफट्या गेल्या. फाटकावर फक्त ट्रक, बाया आणि विझत आलेली चूल राहिली.

"चला, बसा बसा!" गयासभाऊंनी हाळी दिली. "आता अमरावती एका दमात! मी बोलतो त्या प्रदर्शनवाल्याईशी, काढन रस्ता काईतरी."

बाया हलल्या नाहीत.

"अमरावतीले कायले?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"कायले म्हंजे? सामान विकाले!"

कौशल्याबाईंनी सतरंजी उचलून झटकली. तिच्यावर पापडाचा चुरा होता, बाकी काहीच नव्हतं.

गयासभाऊंनी सतरंजीकडे पाहिलं, रिकाम्या डब्यांकडे पाहिलं, मग नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजी पोटावरची गिट्टीची माती झटकत म्हणाले, "आपोआप विकलं गेलं, गयास."

*

पुढचे सहा दिवस गयासभाऊंची छाती गावात नुसती पुढे होती. पारावर त्यांनी चोकची गोष्ट सांगितली. त्यात पेच मात्र गिट्टीतच सापडत असे. आणि गटाच्या बाया त्या सहा दिवसांत रात्रंदिवस पुन्हा पापड लाटत होत्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी पुन्हा ट्रक भरला. कुठे जायचं, हे गयासभाऊंनी विचारलंही नाही. बायांना आपल्या ट्रकवर एवढा विश्वास बसला, याचंच त्यांना अप्रूप होतं. फाटकाजवळ येताच मागून पार्बताबाईंनी पत्र्यावर हात बडवला. "थांबा! थांबा इथंच!"

गयासभाऊंनी ट्रक चढावावर उभा केला. बाया उतरल्या, सतरंजी अंथरली, चूल मांडली. मग सगळ्या ट्रकच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं.

"पाडा ना बंद," कौशल्याबाई म्हणाल्या.

गयासभाऊंनी किल्ली काढून घेतली. तेवढ्यात दर्यापूरची यष्टी आली आणि सूर्यभानने हॉर्न वाजवला. कौशल्याबाईंनी हात दाखवला, पण त्याने मागच्या गर्दीकडे बोट केलं. "टायमाची गाडी हाये, बाई! गयासभाऊ, काढा बाजूले!" गयासभाऊंनी सवयीनं किल्ली लावली. ट्रक एका इशाऱ्यावर सुरू झाला आणि बाजूला झाला. यष्टी निघून गेली. मग शकुंतला आली, थांबली, एक माणूस उतरला, त्याने फाटक लावलं, गाडी पुढे सरकली, फाटक उघडलं, माणूस धावत जाऊन चढला. खिडकीतून गुरुजींनी हात हलवला. पापड मागणारा एकही माणूस उतरला नाही.

बाया भाजलेल्या पापडांकडे पाहत राहिल्या. रजियाबी ट्रकपाशी आल्या.

"अजी, एवढी चांगली दुरुस्त कराले कोनी सांगतलं होतं?"

"माया बापाची गाडी, तीस वर्षांत पयल्यांदा धड चालून राहिली," गयासभाऊ कळवळून म्हणाले, "अन् तुमी मले बोलून राहिल्या?"

"धड चालते, तेच तं," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी बॉनेट स्वतः उघडलं. पहिल्या दिवशी विक्री सुरू होईपर्यंत पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं, तेव्हा सगळ्या बायांनी ते काळं झाकण पोटभर पाहून घेतलं होतं. त्यांनी हात पुढे केला. "द्या तो पेचकस. ढिलं करते मीच."

नत्थुजींनी मुकाट्याने पेचकस दिला. कौशल्याबाईंनी तो पहिल्या पेचावर टेकवला मात्र, गयासभाऊंना ते बघवेना. ते खाली उतरले, पुढे झाले आणि त्यांनी पेचकस त्यांच्या हातातून काढून घेतला.

"सरका, भाभी. चीर खराब होईन त्याची," ते म्हणाले. "बिघडवाचीच हाये तं मीच नीट बिघडवतो."